विरळ होत जाणारे धक्के

हुइयानं कॅरॅव्हॅनच्या काचेवरची बुरशी बाहीनं पुसली, तशी पारे आतून म्हणाली, "पुसून काय होतंय? सकाळी पुन्हा येते. घर पक्कं झालंय, हेच सांगायला आलीस ना?"

"चहा प्यायला आलेय, आई."

भूकंपानंतरचा हा दुसरा हिवाळा. अंगणापलीकडचं घर दुरुस्त होऊन उभं होतं, पण न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरच्या या काइकोरा गावाची जमीन अजून अधूनमधून हलायची आणि पारे काही घरात पाठ टेकायची नाही; अंगणातल्या या चाकांवरच्या खोलीतच झोपायची. थंडीनं तिची छाती भरली होती. या ओलीत ती हिवाळा काढणार नाही, असं डॉक्टरांनी लेकीला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं.

पारेनं किटली ठेवली. "तुझा तो मेलेला तारा काय म्हणतोय?"

"मेला तरी गप्प बसत नाही." हुइयानं आलेख उलगडला. "रेडिओ दुर्बिणीत त्याचे स्फोट ऐकू येतात. एक आला की पाठोपाठ आणखी येतात, मग अंतर वाढत जातं. त्याचं कवच तडकत असावं, असा आम्हा खगोलशास्त्रज्ञांचा अंदाज. आपल्या धक्क्यांचे आकडे शेजारी मांडून बघितले. अगदी तसेच विरळ होत जातात."

पारेचं बोट उतरत्या रेघेवरून सावकाश खाली आलं आणि थांबलं. रेघ तळाला टेकली नव्हती.

"म्हणजे संपले नाहीत."

"नाहीत."

"पुढचा केवढा येईल?"

सोपं उत्तर हुइयाच्या ओठांवर आलं होतं. आईला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत हुइया कपाच्या कानाशी चाळा करत राहिली.

"ते नाही कळत. ताऱ्याचंही नाही, इथलंही नाही. कमी होत जातील, एवढं सांगते. पण एखादा मोठा येऊही शकतो."

"कौन्सिलचा तो टायवाला म्हणाला, संपलं. तुझा भाऊ म्हणाला, संपलं. त्याच रात्री माझ्या बशा खणखणल्या." पारेनं गॅस बंद केला. "सगळ्यांना मी भ्रमिष्ट वाटते."

"मला नाही. मला हट्टी वाटतेस."

पारे हसली. मग चहा तसाच ठेवून तिनं उशी काखेत मारली.

"तू तरी खरं सांगितलंस. ती पांघरुणं उचल. दाराजवळचा पलंग माझा."

घरात शिरल्यावर हुइया दाराशी घुटमळली. "लावून घेऊ?"

"लोट नुसतं," पारे म्हणाली. "कडी नको."