वाढत्या अंगाची खोली

आमच्या दुकानात मापाचा कपडा शिवत नाहीत, वाढत्या अंगाचा शिवतात. शाळेचे गणवेश शिवणाऱ्याला दुसरा धर्म नाही. बाही मनगटाच्या पुढे, स्कर्ट गुडघ्याच्या खाली आणि आत कापड दाबून ठेवलेलं. पोर उंच झालं की टीप उसवायची आणि कापड सोडायचं. मापाचा शिवला तर पुढच्या वर्षी आया भांडायला येतात, आणि माझ्याशी भांडायला येणाऱ्या बाईची मलाच काळजी वाटते.

माझा नवरा कापतो, मी शिवते. त्यांना सगळे मास्तर म्हणतात, म्हणून मीही मास्तरच म्हणते. माणूस अगदी गरीब गाय. घरात जे काही बोलायचं असतं ते मी बोलते, आणि ते मान डोलावतात.

या वर्षी आमच्या घरी बटण आली. आल्याबरोबर तिने दुकानातल्या बटणांच्या डब्यात जो हात घातला तो ती काढायलाच तयार नव्हती, म्हणून हे नाव पडलं. पाच वर्षांची, काटकुळी, डोळे मात्र मोठे. अनाथ मुलांच्या संस्थेतल्या बाईंनी आम्हाला आधीच सांगितलं होतं, की हिला पूर्वी एका जोडप्याने नेलं होतं. पुढे त्यांना स्वतःचं मूल होणार असं कळलं आणि त्यांनी हिला परत आणून सोडलं. हे ऐकून माझ्या तोंडून जे निघालं ते लिहिण्यासारखं नाही.

"मुलगी फार शहाणी आहे हो," बाई म्हणाल्या होत्या. "काही म्हणजे काही त्रास देणार नाही."

आणि खरंच देत नव्हती. ताटात पडेल ते खायची, चपला जोडीने लावायची, आम्हाला काका-काकू म्हणायची. काही विचारलं की उत्तर एकच, "चालेल." भात की पोळी? चालेल. बागेत जायचं की घरी बसायचं? चालेल. तो शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले होते. मला एकदा तरी तिने नाही म्हणावं असं वाटायचं. पाच वर्षांचं पोर हट्ट करत नाही म्हणजे ते अजून पाहुणं आहे, एवढं कळायला स्वतःचं मूल असावं लागत नाही.

म्हणून मी ठरवलं, हिला स्वतःची खोली द्यायची. दुकानामागे आमचं घर, आणि त्यात एक खोली नुसती कापडाच्या ताग्यांनी भरलेली. तागे आमच्या पलंगाखाली, कपाटावर, मास्तरांच्या उशाशी, जिथे मावतील तिथे कोंबले आणि सुतारभाऊंना बोलावलं.

"पलंग केवढा करू?" त्यांनी विचारलं.

"चांगला मोठ्या माणसाचा करा. वाढतं अंग आहे."

"आणि टेबल?"

"माझ्या कमरेला लागेल एवढं. कॉलेजपर्यंत पुरलं पाहिजे. खुर्ची त्याला शोभेलशी."

"वहिनी, पोरगी कुठे आहे? मला दिसू तरी द्या."

बटण माझ्या मागेच उभी होती. सुतारभाऊंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. त्याला फारसा वेळ लागला नाही. मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझा चेहरा बघून पेन्सिल कानावर खोचली.

भिंतींना बदामी रंग दिला. ससे, ढग, चांदण्या काही नकोत, मोठी झाली की तिलाच त्याची लाज वाटेल. खुंट्या माझा हात पोचेल अशा. आरसा असा, की मोठी होऊन वेणी घालताना कमरेपर्यंत दिसावी. पडदा मी स्वतः शिवला, खाली वीतभर दुमड ठेवून.

"खिडकी वाढणार आहे का?" मास्तर म्हणाले.

सवय म्हणजे सवय. त्याला काय करणार!

खोली तयार झाली तेव्हा बटणला आत नेलं. ती हात पाठीमागे बांधून सगळीकडे फिरली. पलंगाची कड तिच्या छातीला लागत होती. पाहुणे दुसऱ्याच्या घराला म्हणतात त्या सुरात ती म्हणाली, "छान आहे." मग जरा थांबून, "तोपर्यंत मी इथे झोपू?"

"म्हणजे काय, झोपायचंच!" मी म्हणाले. 'तोपर्यंत' म्हणजे कधीपर्यंत, हे विचारायचं मला सुचलं नाही. माझं सगळं लक्ष पडद्याच्या चुणीकडे.

रोज सकाळी तिच्या पलंगावरच्या चादरीला एकही सुरकुती नसायची. टेबलावर काही नाही, खुंट्या रिकाम्या. मास्तर कौतुकाने म्हणायचे, "किती टापटीप!" मी म्हणायचे, "माझ्यावर गेली आहे." या वाक्यातल्या दोन्ही गोष्टी अशक्य होत्या. मी टापटीप नाही, आणि ती माझ्यावर जाणार कशी? पण म्हणायला बरं वाटायचं.

मग शाळा उघडायचे दिवस आले. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, कपडे बदलायच्या कोपऱ्यातही गठ्ठे रचलेले. अशात नववीतली एक मुलगी गणवेश घालून बघायला आली, ताडमाड उंच. तिला मी म्हटलं, "आत जा, डावीकडे बटणची खोली आहे, तिथे बदलून ये." ती गणवेश घालून बाहेर आली आणि मी टाचण्या तोंडात धरून तिच्या स्कर्टच्या घेरापाशी गुडघ्यांवर बसले.

तेवढ्यात आतल्या दारात बटण येऊन उभी राहिली. पायात चपला, खांद्याला संस्थेतून येताना आणलेली कापडी पिशवी. पिशवी भरलेली होती.

"ताई," ती त्या मुलीला म्हणाली, "मी कशालाच हात लावलेला नाही. खुर्चीवर फक्त एकदा चढले होते."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. बटणही माझ्याकडे वळली.

"काकू, मी आता बाहेर झोपू, की परत जायचं?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. जन्मात पहिल्यांदा मला बोलता येईना. एकेक टाचणी काढून मनगटाला बांधलेल्या गादीत खोचेपर्यंत ती तिथे तशीच उभी, रडत नाही, काही नाही. जसं काही हे होणारच होतं.

"कोण ताई? कुठे जायचं?" मी कशीबशी म्हणाले.

"ही आली ना आता. तुमची मुलगी. पलंग हिच्याच मापाचा आहे."

ज्याच्या मापाचा कपडा त्याचा तो, हे तिने आमच्याच दुकानात बसून पाहिलं होतं. आणि त्या खोलीतली एकही वस्तू तिच्या मापाची नव्हती. एवढे दिवस ही पोर एका मोठ्या, खऱ्या मुलीची वाट बघत होती, तिच्या वस्तू सांभाळत होती, आणि ती आली की निघायचं म्हणून पिशवी भरून बसली होती.

"अगं, मी नुसती स्कर्ट बघायला आले आहे!" उंच मुलगी रडवेली होऊन म्हणाली.

मी बटणला ओढून मांडीवर घेतलं. मला रडू येत होतं आणि स्वतःचा भयंकर राग येत होता, आणि हे दोन्ही एकदम आलं की मी ओरडते. "मास्तर! सुताराला बोलवा!"

तो येईपर्यंत मी बटणबरोबर खोलीत गेले आणि जमिनीवर बसले. तिथून पाहिलं तर आरशात समोरची भिंत दिसत होती. खुंट्या छताला लागल्यासारख्या. टेबलाखाली एक चटई नीट गुंडाळून ठेवली होती, तिच्यावर तिची उशी. एवढ्या मोठ्या खोलीत तिच्या मापाची जागा तेवढीच होती, आणि ती तिने स्वतःच शोधली होती.

सुतारभाऊ आले. मी म्हटलं, "पाय कापा."

"कोणाचे?"

"पलंगाचे, टेबलाचे, खुर्चीचे. आरसा खाली घ्या. खुंट्या खाली घ्या."

"अहो वहिनी, लाकूड बघा कसलं आहे! तुम्हीच म्हणालात ना, वाढतं अंग..."

"म्हणाले. आता म्हणते, कापा."

"आणि पोरगी वाढली म्हणजे?"

मास्तर, जे गिऱ्हाइकाला माप सांगण्यापलीकडे तोंड उघडत नाहीत, ते म्हणाले, "मग नवीन करू. तुम्हाला काम नको का?"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. बटणला उभं केलं, गुडघ्यापासून टाचेपर्यंत मोजलं, खुर्चीवर बसवून कोपराची उंची मोजली. त्यांचं बोट सवयीने टेपवर जरा पुढे सरकायचं आणि मी त्यांना चिमटा काढायचे.

"कुणाचं माप घेताय?" बटणने विचारलं.

"तुझं. दुसरं कोण उभं आहे इथे?"

तिने विचार केला. "मग ती येणार नाही?"

"कुणी येणार नाही."

"आणि तुम्हाला बाळ झालं तर?"

मास्तरांना खोकला आला. "या वयात झालंच," मी म्हणाले, "तर ते ताग्यांवर झोपेल. तुझी खोली तुझी."

तिने मान हलवली. "चालेल."

एवढं झाल्यावर पोर लगेच गळ्यात पडलं, असं मला लिहायला आवडलं असतं. पण एकदा परत पाठवलेलं मूल शब्दावर कसं विसंबेल? काही दिवस ती चटईवरच झोपत राहिली. टेबल ठेंगणं झालं होतं, त्यामुळे आता रांगत आत शिरावं लागायचं. मग एका सकाळी चादर चुरगळलेली दिसली. मी ती झटकली नाही, मास्तरांना हात धरून ती दाखवायला आणलं. तरी रंग कुठला हवा म्हटलं की चालेल, दिवा कुठला हवा म्हटलं की चालेल. मला वाटायचं, खोली तिला मापात बसली, पण मी काही बसले नाही तिच्या मनात.

परवा तिच्या खोलीत केर काढताना टेबलावर चिंध्या पसरलेल्या दिसल्या. कापणीतले तुकडे, कुठले कुठले. मी गोळा केल्या आणि दुकानातल्या चिंध्यांच्या पोत्यात टाकून मशीनवर बसले.

दुपारी दुकान बायकांनी भरलेलं असताना आतून आवाज आला. असा आवाज आमच्या घरात माझ्याशिवाय कुणी काढलेला नाही.

"माझे तुकडे कुणी घेतले?"

बटण दुकानात आली. तोंड लालबुंद, मुठी वळलेल्या. "काकू, तू घेतलेस?"

"अगं, मला वाटलं केर आहे..."

"केर नाहीये! मी लावून ठेवले होते! माझ्या खोलीतलं मला विचारल्याशिवाय उचलायचं नाही! कळलं?"

मास्तरांची कात्री थांबली. बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मला कुणी असं बोललं तर पुढे काय होतं, ते त्या सगळ्यांना माहीत होतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले, आणि उठून ते पोतं सबंध दुकानभर उपडं केलं. गिऱ्हाइकांच्या पायांत चिंध्या, मध्ये मी जमिनीवर, आणि ती कमरेवर हात ठेवून डोक्याशी उभी.

"हा नाही. तो पण नाही. निळा, रेघांचा. नीट बघ ना!"

मला नीट दिसत नव्हतं. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

"बाई गं," एक गिऱ्हाईक म्हणाली, "भलतीच हट्टी आहे हो तुमची मुलगी!"

"आहेच मुळी," मी म्हणाले, आणि निळा तुकडा शोधायला ढिगात खोलवर हात घातला.