काना राहिलेला अंतरपाट

मी एक अंतरपाट. लग्नात नवरानवरीच्या मध्ये धरतात आणि शेवटचं मंगलाष्टक संपलं की बाजूला ओढतात, तो. सगळे माझ्या वरून माना उंच करून नवरीचा चेहरा पाहायला धडपडतात, माझ्याकडे कुणी बघत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं काम एवढंच, की आडवं यायचं आणि वेळ झाली की बाजूला व्हायचं. माणसांना यातलं पहिलं छान जमतं. दुसरं जमत नाही. म्हणून आज मी बोलतोय, आणि खालच्या आवाजात बोलणार नाही.

माझा जन्म मांजरपाटाच्या एका ताग्यात झाला. जाड, पांढरा, खळ घातलेला कपडा. बार्शीच्या बाजारात सरोजिनीच्या आईनं मला फाडून घेतलं, उशांचे अभ्रे शिवायला. सरोजिनीचं लग्न ठरलं होतं. घरात अंतरपाट विकत आणायची चर्चा चालली तेव्हा ती म्हणाली, "मी भरते की." आणि लाल दोऱ्यानं तिनं माझ्यावर मधोमध स्वस्तिक भरलं, खाली दोन शब्द भरले.

शुभमंगल सावधन.

'ध'चा काना राहिला. घाईत राहिला, गप्पांत राहिला, कुणास ठाऊक. मला वाचता येत होतं, बोलता येत नव्हतं.

लग्नात माझी अक्षरांची बाजू नवऱ्याकडे आली. नवरा होता विलास, मराठीचा शिक्षक. मंगलाष्टकं संपेपर्यंत बिचाऱ्याला समोर दुसरं काही दिसतच नव्हतं. मला बाजूला ओढलं, अक्षता पडल्या, दोघांनी एकमेकांना पाहिलं, आणि हार घालायच्या आधी विलास आपल्या बायकोशी आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलला.

"काना राहिला."

सरोजिनीला वाटलं, कुठलातरी विधी राहिला. ती गुरुजींना विचारायला वळली, तेव्हा विलासला हसू आवरेना.

पुढे ते दोघं वाशीला आले, सिडकोच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. आणि ते वाक्य त्यांच्या घराचं झालं. आमटीत मीठ विसरलं, काना राहिला. छत्री शाळेत विसरली, काना राहिला. त्यांची मुलगी प्राची बोलायला लागली तेव्हा दुधाची बाटली आडवी झाली की तीही म्हणायची, "काना लायला."

सरोजिनीनं तो काना पुढे कधी भरला नाही. विलासनं भरू दिला नाही.

आमच्या इमारतीत तेव्हा सगळेच नवे होते. कुणी कोकणातून, कुणी देशावरून आलेले. मोठी माणसं गावाकडे, त्यामुळे लग्नाच्या वेळी ऐनवेळी काहीतरी नसायचंच. "वहिनी, अंतरपाट आहे ना तुमच्याकडे?" असं म्हणत एकदा कुणीतरी मला नेलं, आणि मग मी सगळ्यांचाच झालो. वाशीच्या हॉलांत, तुर्भ्याच्या एका देवळात, एकदा तर गच्चीवर, ताडपत्रीखाली. प्रत्येक नवरदेव मला वाचायचा आणि गालात हसायचा. लोक म्हणू लागले, या अंतरपाटाआड उभं राहिलेल्यांचं चांगलं होतं. मला त्यातलं काही माहीत नाही. मी कापड आहे. पण ऐकायला बरं वाटायचं.

मग एका दुपारी विलास शाळेतून आला, पंख्याखाली बसला आणि उठला नाही.

त्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न ठरलं. सरोजिनीनं मला धुतलं, नीळ दिली, इस्त्री केली आणि दाराजवळच्या टेबलावर ठेवलं. पेढे आले. पत्रिका आली. मला न्यायला कुणी आलं नाही. लग्नाच्या दिवशी ती मला त्या टेबलावर तसंच ठेवून आहेराचं पाकीट घेऊन गेली आणि हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसून आली.

कुणी तिला काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

तिनं मला पलंगाच्या कप्प्यात तळाशी ठेवलं, डांबराच्या गोळ्यांत. मला तिचा राग आला होता हे सांगायला हवं. त्यांनी तिला मागं सारलं नव्हतं, तीच समजून मागं सरली होती. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की डोकं दुखायचं तिचं. बारशाला ती स्वयंपाकघरात पुऱ्या लाटायची. माझ्यावर एक डागही नव्हता, तरी मी टाकाऊ. तिच्यातही काही कमी झालं नव्हतं.

प्राची शिकायला नेदरलँड्सला गेली आणि परत आली. परत का आलीस, असं सगळे विचारत. "खाडी इथं आहे म्हणून," एवढंच ती सांगायची. ठाण्याच्या खाडीचं पाणी तपासायचं काम तिनं धरलं. त्या कामात तिला दिपेश भेटला. खाडीकाठच्या गावातला, मूळचं आगरी घर, तळोज्याच्या एका कारखान्यात सांडपाणी शुद्ध करण्याच्या विभागात नोकरी. पहिल्या भेटीत दोघं पाण्याच्या नमुन्यावरून भांडले. दुसऱ्या भेटीतही. तिसऱ्या भेटीत त्यानं तिला घरची सुकट खाऊ घातली.

लग्न ठरलं तसे विलासचे थोरले भाऊ शिवराम आणि त्यांच्या पत्नी घरी आले. त्यांना सगळे मोठ्या काकू म्हणतात. काकूंनी सोफ्यावर बसता बसता सगळं वाटून टाकलं. कन्यादान आम्ही करू. अंतरपाट काका धरतील. "आणि सरोजिनी, तू मुहूर्ताला जरा आतच थांब. नंतर आहेच की सगळं."

"हो," सरोजिनी म्हणाली. "मी आतच बरी."

प्राची चहा घेऊन येत होती. तिनं ट्रे खाली ठेवला. "मग हॉलच नको."

"म्हणजे?"

"लग्न समुद्रावर. मॉरिशसला. आतली खोलीच नाही तिथे."

सगळ्यांना वाटलं, परदेशात शिकलेल्या मुलीचं फॅड आहे. दिपेशचे वडील कमळाकर दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी म्हणाले, "हलद गावान होनार. लगीन मंग चंद्रावर लावा." हळद गावात झाली, अख्खा गाव नाचला, आणि मग प्राचीनं पलंगाचा कप्पा उघडला, मला बाहेर काढलं आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवलं.

ती आणि दिपेश चार दिवस आधी गेले. घरचे मागून येणार होते. तिथला समुद्र काचेसारखा. दिपेश गुडघाभर पाण्यात उभा राहून आपलीच बोटं बघत बसायचा. "तळ दिसतो यार. मला तर भीतीच वाटते." दोघं पोहले, उन्हानं लाल झाले, नारळपाणी प्यायले आणि प्रत्येक वेळी आपल्या नारळाला नावाजत राहिले. डांबराच्या गोळ्यांचा वास जावा म्हणून प्राचीनं मला खोलीच्या कठड्यावर वाळत घातलं होतं. सफाईला आलेल्या बाईनं टेबलावरचं कापड समजून मला अंथरलं आणि वर अननसाची ताटली ठेवली. इतक्या वर्षांनी कुणीतरी कामाला लावलं म्हणून मी काही बोललो नाही.

त्याच संध्याकाळी सरोजिनीचा फोन आला. काका-काकूंनी तिकिटं काढली होती. आपण काय परके आहोत का, असं काकू म्हणाल्या होत्या, आणि सरोजिनीला नाही म्हणता आलं नव्हतं.

प्राचीनं फोन पलंगावर टाकला. दिपेश म्हणाला, "इतक्या लांब आलो. भाऊकी पासपोर्ट काढून मागनं आली."

"मला वाटलं होतं, इथं भांडावं लागणार नाही."

"मग घरीच थांबून भांडायला हवं होतं का?"

"हो ना." ती हसली. "पळूनच आलो रे आपण. मला आत्ता कळलं."

मला ती मुलगी आवडली ती त्या क्षणी.

लग्न लावायला देवजी गुरुजी होते. तिथलेच. कितीतरी पिढ्यांपूर्वी कोकणातून ऊस तोडायला गेलेल्यांचे वंशज. त्यांचं मराठी थोडं, पण मंगलाष्टकं चोख. वाळूवर चार बांबू, त्यांना पिवळी फुलं, दोन पाट. एका पाटाजवळ प्राची, दुसऱ्याजवळ दिपेश. आणि सरोजिनी? ती एका माडाला पाठ लावून, सगळ्यांच्या मागे. आतली खोली नव्हती, तरी तिनं ती शोधून काढली होती.

मोठ्या काकूंनी पिशवीतून नवा अंतरपाट काढला. रेशमी, जरीचा, सावधानचा काना ठसठशीत. एकाच विमानतळावर आम्ही दोघे उतरलो होतो हे मला तेव्हा कळलं.

"हा घ्या, गुरुजी."

"तो नको," प्राची म्हणाली आणि मला पुढे केलं. "हा. एक टोक आई धरेल, दुसरं दिपेशच्या आई."

"अगं, तो नको गं. तो तुझ्या आईचा."

"म्हणूनच."

काकूंचा चेहरा ओढला गेला. "मी वाईट म्हणून बोलते का? माझ्या हातावर वाढलीस तू. तुझ्या संसाराला नाट लागू नये, एवढंच माझं." आणि त्या खरंच बोलत होत्या. म्हणूनच त्यांच्याशी लढणं अवघड होतं.

सरोजिनी माडापाशीच म्हणाली, "प्राची, राहू दे. वहिनी म्हणतात ते ऐक. मला इथून दिसतंय सगळं."

तेव्हा दिपेशची आई सरस्वती पुढे झाली. हिरवं लुगडं, गळ्यात सोनं, वाळूत चपला काढून ठेवलेल्या.

"काकू, एक सांगू? रागवू नका. आमच्यान लगीन लावाला धवलारीन असते. बाई. धवलं गाते नं लगीन लावते. माझी आयस धवलारीन व्हती. बापूस वारला तवा मी लहान व्हती. त्याचे नंतर तिनं आख्ख्या गावाची लग्ना लावली. माझं बी. तिला कोनी सांगतलं नाय का बाजूला ऱ्हा." मग ती सरोजिनीकडे वळली. "विहीनबाय, मी एक टोक धरलंय. दुसरं वाऱ्यानं उडतंय. येताव का नाय?"

वारा खरंच सुटला होता. माझं एक टोक सरस्वतीच्या मुठीत, दुसरं हवेत फडफडत. शिवरामकाका ते पकडायला पुढे झाले. त्यांचा हात माझ्यापर्यंत पोचला होता.

"थांबा, भाऊजी," सरोजिनी म्हणाली.

ती माडापासून निघाली. वाळूत चालायची सवय नाही, पाय रुतत होते, कुणी आधार द्यायला गेलं नाही, तिनं मागितला नाही. तिनं माझं टोक धरलं आणि अंगठ्याभोवती एक वेढा घेतला, वाऱ्यात ओला कपडा दोरीवर घालताना बायका घेतात तसा. मग ती दीर उभे होते तिकडे बघून म्हणाली, "मुलगी माझी आहे. मी धरते. काही व्हायचं असेल तर माझ्यादेखत होऊ दे."

मी ताठ झालो. शिडासारखा.

देवजी गुरुजींनी मंगलाष्टकं म्हटली. शेवटचं कडवं सरस्वतीनं धवल्याच्या चालीवर गायलं, कमळाकर तोंड फिरवून डोळे पुसत राहिले. मोठ्या काकूंची अक्षतांची मूठ सबंध वेळ बंद होती. शेवटच्या 'सावधान'ला ती उघडली. तांदूळ त्यांनी टाकले की पडले, मला सांगता येणार नाही. पण प्राचीच्या केसांवर पोचले.

सरोजिनीनं मला बाजूला ओढलं.

समोर दिपेश माझ्याकडेच बघत होता. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. इतका वेळ समोर दुसरं काही नव्हतं, म्हणून बिचाऱ्यानं मला वाचून काढलं होतं. तो सासूला हळूच म्हणाला, "आई, ह्यात एक काना राहिलाय."

सरोजिनी आधी हसली. मग रडली. पण हसली आधी, हे मी शपथेवर सांगतो.

आता आम्ही वाशीला परतलो आहोत. मी पलंगाच्या तळाशी नाही. कपाटात, मधल्या फळीवर, तिच्या रोजच्या साड्यांशेजारी आहे. अननसाचा डाग आहे एका कोपऱ्यात. तो निघत नाही, निघायची गरजही नाही.

मागच्या आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्या बाई आल्या होत्या. त्यांच्या जाईचं लग्न आहे, वाशीतच, हॉलमध्ये. मॉरिशसचे फोटो पाहिले होते त्यांनी. म्हणाल्या, "वहिनी, तो तुमचा लकी अंतरपाट द्या ना. मी आणून देते परत."

"देते की," सरोजिनी म्हणाली. "पण मीच घेऊन येईन. आणि एक टोक मी धरेन."

बाई थोडा वेळ कपातला चहा ढवळत राहिल्या. साखर केव्हाच विरघळली होती. "जाईच्या सासरी विचारून सांगते," म्हणाल्या.

अजून निरोप आलेला नाही. कदाचित येणार नाही. सरोजिनीनं मला इस्त्री करून ठेवलं आहे, तिची मोरपंखी साडीही. नाहीच बोलावलं, तर ती ती साडी नेसून हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसणार आहे. तसं तिनं प्राचीला फोनवर सांगितलं, मी ऐकलं.

तेव्हा ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी ऐकावं. मी कुणाच्याही लग्नाला जाईन. आंतरजातीय, आंतरधर्मीय, हॉलमध्ये, गच्चीवर, समुद्रावर. भाडं नाही, मुहूर्ताची अट नाही. पण मी एकटा येणार नाही. मला न्यायचं तर जिनं मला भरलं तिला न्यावं लागेल, पुढे, सगळ्यांच्या समोर. ते जमत नसेल तर बाजारात रेशमी अंतरपाट पुष्कळ मिळतात. त्यांच्यावरचे काने अगदी बरोबर असतात.