शेठनी भरलेला माल

"नाही हो मॅडम, एवढे लेख मी कॉम्प्युटरवर कशाला उतरवून घेईन? मी माणूस आहे, मशीन नाही!" बाई फोनवर म्हणाल्या, आणि समोर बसलेल्या शेठच्या घशात चहाचा घोट अडकला.

फोन विद्यापीठाच्या ग्रंथालयातून आला होता. बाईंनी स्पीकर चालू केला होता, त्यामुळे तिकडचा प्रत्येक शब्द जेवणाच्या टेबलावर येऊन पडत होता.

"तुमच्याच खात्यावरून झालंय," ग्रंथालयातल्या मॅडम सांगत होत्या. "आठवडाभर रोज दुपारी, एकामागून एक. अर्थशास्त्राच्या नियतकालिकांचे अंकच्या अंक उतरवलेत. ते अंक पुरवणाऱ्या कंपनीला वाटलं, कुणीतरी चोरून साठा करतंय. तुमचं खातं तर त्यांनी बंद केलंच, पण अख्ख्या विद्यापीठाचं दार लावून घेतलंय. मुलं सकाळपासून माझं डोकं खातायत. पासवर्ड कुणाला दिला होता का?"

"कुणालाच नाही. घरात मी आणि आमचे हे. आणि ह्यांना त्यातलं काय कळतंय?"

शेठनी कप खाली ठेवला आणि खिडकीकडे बघितलं. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं.

"तुम्ही जरा आठवून बघा," मॅडम म्हणाल्या. "कारण कळल्याशिवाय मला कंपनीला काही सांगता येणार नाही. संध्याकाळपर्यंत कळवा." आणि फोन ठेवला.

बाई कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायच्या. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी पीएचडीचं खूळ डोक्यात घेतलं होतं. विद्यापीठ एका रात्रीच्या प्रवासावर. ऊठसूट तिथे कोण जाणार? म्हणून विद्यापीठाचं ग्रंथालयच त्यांनी घरी आणलं होतं. टेबलावर कॉम्प्युटर, त्यात ग्रंथालयाचं पान, पासवर्ड टाकला की जगभरच्या नियतकालिकांची कपाटं उघडी. आता एकच प्रकरण उरलं होतं. पण महिनाअखेर पीएचडीच्या नोंदणीची मुदत संपत होती, आणि ती एकदा वाढवून झाली होती. खातं उघडलं नाही, तर शेवटचं प्रकरण अर्धवट राहणार आणि एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार, हे आरशासारखं स्वच्छ होतं.

विषय होता, छोटी दुकानं का बंद पडतात.

आणि शेठचं हार्डवेअरचं दुकान दोन वर्षांपूर्वी बंद पडलं होतं. खिळे, बिजागऱ्या, कड्याकोयंड्यांचं दुकान गेलं, तरी नाव मात्र चिकटलेलं राहिलं. आता बायकोही त्यांना शेठच म्हणायची. बाई बाजारभर दुकानदारांना प्रश्न विचारत हिंडल्या, पण घरातल्या दुकानदाराला त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. दुखऱ्या जागी कुणी मुद्दाम बोट लावतं का? शेठनीही कधी तो विषय काढला नाही. दोघं एकमेकांना जपत होते, आणि जपता जपता घरात एक गप्पपणा येऊन बसला होता.

"अहो, आता काय करू मी?" बाईंचा आवाज फुटला. "कुणी माझं खातं चोरलं असेल? पोलिसांत जाऊ?"

पोलीस म्हटल्यावर शेठ उभेच राहिले.

"पोलीस कशाला? चोर घरातच आहे."

बाईंना आधी कळलंच नाही.

"मी केलं ते," शेठ म्हणाले. "तू कॉलेजला गेलीस की कॉम्प्युटर चालूच असायचा, आणि पासवर्ड तू वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलायस. उतरवून कसं ठेवायचं ते तूच मागे शिकवलं होतंस, डॉक्टरांचे रिपोर्ट आले तेव्हा. तू त्या दिवशी जेवताना म्हणालीस ना, महिनाअखेर दार बंद होणार, मग एक लेख मिळायचा नाही. म्हटलं, पुरवठा थांबणार असेल तर आधी माल भरून ठेवावा. तुला नंतर अडायला नको."

"माल?" बाई ओरडल्या. "अहो, ग्रंथालय म्हणजे काय घाऊक बाजार वाटला तुम्हाला? लागेल तेवढं घ्यायचं असतं! विचारायचं तरी एका शब्दानं!"

"करायला गेलो एक आणि झालं भलतंच," शेठ पुटपुटले. "तुला एकदम दाखवणार होतो. सगळं लावून झाल्यावर."

"काय लावून झाल्यावर?"

शेठनी कॉम्प्युटरवर एक फोल्डर उघडलं. आत तीन फोल्डर होती. एकाचं नाव 'रोज लागणारं', दुसऱ्याचं 'कधीमधी', तिसऱ्याचं 'मागितलं तरच'.

बाई बघत राहिल्या.

"इंग्रजी नावात दुकान, गिऱ्हाईक, उधारी असं काही दिसलं की रोज लागणारं," शेठ घाईघाईनं सांगू लागले. "ज्यात नुसतीच गणितं, ते मागितलं तरच."

बाईंना हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. त्यांनी पदरानं डोळे पुसले. "वाचलंत का यातलं काही?"

"एक वाचलं. चार दिवस लागले. डिक्शनरी घेऊन बसलो होतो." शेठनी तो लेख उघडला. कुठल्याशा दूरदेशातल्या दुकानांबद्दलचा होता. मध्ये एक आलेख होता, त्यातली चालू दुकानांची रेघ डावीकडून उजवीकडे उतरत गेली होती. शेठनी तिच्यावर बोट ठेवलं. "ही सगळी बंद पडलेली दुकानं. हजारो आहेत. चांगली चाललेली, वर्षानुवर्षांची. मला इतके दिवस वाटत होतं, माझंच चुकलं. माझ्यात धमक नव्हती. हे बघितलं आणि वाटलं, या रेघेत कुठेतरी मीही आहे. एकटा नाही."

बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एवढा अभ्यास केला, पण हे एक वाक्य नवऱ्याला सांगायचं आपल्याला सुचलं नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

शेठनी स्वतःच फोन लावायला सांगितला.

"मॅडम, मी बाईंचा नवरा बोलतोय. त्यांची काही चूक नाही. तो माल मी उचलला." मग त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. मग मॅडमना हसू आवरेना.

"काका, मी आजवर विद्यार्थ्यांची कारणं ऐकली, पण हे पहिल्यांदाच! तुम्ही करता काय?"

हा प्रश्न आला की दोन वर्षं शेठ म्हणायचे, काही नाही, घरीच असतो. आज ते म्हणाले, "दुकानदार आहे. हार्डवेअरचं दुकान होतं माझं."

"मग तुम्हाला कळेल. कंपनीला मी समजावते, पण त्यांची एक अट असणार. उतरवलेलं सगळं पुसायचं. एकही लेख ठेवायचा नाही. तुमच्या शब्दावर मी लिहून देते."

"शब्द दिला."

दुपारभर दोघं शेजारी बसून फोल्डर रिकामी करत होते. नको म्हटलं तरी शेठ प्रत्येक नावावरून एकदा नजर फिरवायचे. आलेखाचा तो लेख शेवटी राहिला.

"एवढा एक राहू दे," बाई म्हणाल्या. "कोण बघायला येतंय?"

"मी बघतोय ना," शेठ म्हणाले, आणि त्यांनी तोही पुसला. मग चष्मा काढून बराच वेळ तो सदऱ्यानं पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा निरोप आला, दार उघडलंय. खातं महिनाअखेरपर्यंत चालेल, पुढे नाही. शेठनी बाईंसाठी खुर्ची ओढून दिली आणि आपण स्वयंपाकघरात निघाले. "तू बस आता कामाला. मी मध्ये मध्ये करत नाही."

"कुठे निघालात? बसा इथे."

बाईंनी शेवटच्या प्रकरणाचे कागद बाजूला सारले आणि सगळ्यात आधी तोच लेख शोधून काढला. एकेक वाक्य मराठीत करत त्या वाचून दाखवू लागल्या. दुकान बंद करायच्या आधी मालक बरेच महिने कुणालाच काही सांगत नाहीत, घरच्यांनाही नाही, असं एका ठिकाणी लिहिलं होतं.

"थांब," शेठ म्हणाले. "हे परत वाच."

बाईंनी परत वाचलं.

"बरोबर आहे त्यांचं," शेठ हळूच म्हणाले. "मीसुद्धा नव्हतं सांगितलं. शेवटचे दोन महिने तर मी नुसता जाऊन बसायचो. गिऱ्हाईक यायचं नाही. मग मी एका फळीवरचा माल काढून दुसऱ्या फळीवर लावायचो. तू डबा द्यायचीस. तो मी संपवायचो, तुला शंका येऊ नये म्हणून. भूक नसायची."

बाईंनी कीबोर्डवरून हात काढून घेतले.

शेठ बोलत राहिले. बराच वेळ कुणी हात लावला नाही म्हणून ग्रंथालयाचं पान आपोआप बंद झालं आणि पडद्यावर पुन्हा पासवर्डची रिकामी चौकट आली. बाईंनी तिच्याकडे बघितलं नाही.

"मग?" त्या म्हणाल्या.