ओल्या फरशीवरचा अबोला

जुन्या फरश्यांना नवं रूप द्यायचं काम ते नवरा-बायको मिळून करत. तो घासायचं मशीन चालवायचा, ती दगडाला पडलेल्या चिरा भरायची. गिऱ्हाइकं त्याला 'आरसेवाले' म्हणत, कारण त्याने घासलेल्या दगडात तोंड दिसायचं, आणि हे नाव पडलंय हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत सुटायचा. कुठल्या दगडाला कुठल्या रंगाची भर लागेल हे ती नुसत्या नजरेने ओळखायची. तिने भरलेली चीर नंतर तिची तिलाही सापडत नसे. म्हणजे काम जितकं चोख, तितकं ते कोणाला दिसायचं नाही. घोटाळा तिथेच होता.

गेल्या आठवड्यात, सध्या काम चालू असलेल्या घरच्या मालकीणबाईंनी सहज विचारलं, "आणि वहिनी काय करतात?"

"ही होय?" तो मशीनची वायर गुंडाळत म्हणाला. "ही आपली सोबतीला येते."

वायर गुंडाळून होईपर्यंत बायकोच्या तोंडाला कुलूप लागलं होतं.

तेव्हाच चूक कबूल केली असती तर भागलं असतं. पण मान तुकवायची म्हटलं की आरसेवाल्यांच्या अगदी जिवावर यायचं. उलट तेच फुगून बसले. काल तर पठ्ठ्याने बायको समोर उभी असताना तिच्याकडची बादली मालकीणबाईंकरवी मागवली.

आणि काल संध्याकाळीच तिला फोन आला. एक ठेकेदारीण बाई मोठ्या घराचं काम घेत होती, आणि चिरांचं सगळं हिच्या हाती द्यायचं म्हणत होती. "उद्या दुपारी फोन करते, हो की नाही ते सांगा." फोन स्पीकरवर होता, आणि तो मुद्दाम ठेवला होता, एवढं त्यालाही कळलं. त्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. ही दुसरीकडे गेली तर आपलं कसं व्हायचं? भीती वाटत होती त्याला. पण बोलेल तर शपथ!

आज शेवटचा, चमक टिकवणाऱ्या सीलरचा कोट होता. तो मारताना जायच्या दारापासून सर्वांत लांबच्या टोकाला सुरुवात करायची आणि दाराकडे मागे मागे सरकत यायचं. दोघं असले की आधी एकाने हाक द्यायची, "मी पुढच्या दाराने निघतेय!" म्हणजे दुसराही तिकडूनच निघतो. इतक्या वर्षांत ही हाक कधी चुकली नव्हती. पण अबोल्यात हाक मारणार कोण?

त्याला वाटलं, ही बाहेर नळावर मशीनचे पॅड धुतेय. तिला वाटलं, हा टेंपोत तोंड फुगवून बसलाय. त्याने स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी रोलर टेकवला आणि हॉलच्या दिशेने मागे सरकत निघाला. तिने हॉलच्या पुढच्या दारापाशी सुरुवात केली आणि स्वयंपाकघराच्या दिशेने सरकत निघाली. मधल्या पॅसेजमध्ये पाठीवर पाठ आपटली.

"अगं!"

"अहो!"

इकडे ओलं, तिकडे ओलं, आणि मधे चटईएवढी कोरडी जागा. आपण बोललो हे लक्षात येताच दोघांनी तोंडं फिरवली. सीलर वाळायला दोन तास तरी हवे होते. तेवढ्यात मालकीणबाई हॉलच्या खिडकीतून डोकावल्या.

"काय हो, अडकलात की काय?"

"छे, छे," तो म्हणाला, "तपासतोय."

बायकोचे खांदे हसण्याने गदगदले, पण आवाज काही फुटला नाही.

बाई गेल्या, आणि त्याच खिडकीत ठेवलेला बायकोचा फोन वाजायला लागला. दोघांची नजर तिकडे गेली. ओल्या कोटावर पाऊल म्हणजे त्याच्या लेखी महापाप. एकदा तर त्याने सख्ख्या सासऱ्यांना भर उन्हात दाराबाहेर तिष्ठत ठेवलं होतं. आता नुसतं गप्प उभं राहिलं की झालं. फोन वाजून थांबेल, ठेकेदारीण दुसरं कोणी शोधेल. हे त्याच्या मनात आलं, नाही असं नाही. मग त्याची त्यालाच लाज वाटली.

"जा, घे फोन."

"या फरशीवरनं?"

"मग काय उडत जाणारेस? पावलं उठली तर मी परत घासेन." त्याने घसा खाकरला. "त्या दिवशी मूर्खासारखं बोललो मी. तू चिरा भरतेस म्हणून माझा आरसा दिसतो. चुकलं माझं. आता जा, वाजायचा थांबेल तो!"

ती थेट हॉलच्या मधून चालत गेली. एकेक पाऊल चिकटून सुटल्याचा आवाज त्याने दात आवळून ऐकला.

"हो, बोलतेय. हो, येते मी," ती फोनवर म्हणाली. त्याने हातातला रोलर खाली ठेवला. "पण मशीनवर माणूस माझ्या पसंतीचा घेणार. आहे ना, हात चांगला आहे त्याचा. बढाया फार मारतो, आणि चूक कबूल करायला आठवडा लावतो. नाही हो, माझं ऐकेल. ऐकायला लागलाय."

आरसेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. इतका आनंद झाला की पॅसेजमधूनच ते ओरडले, "कधीपासून यायचं, विचार!"

तिने फोनवर हात ठेवला. "आधी ही पावलं घासा. मग बघू, घ्यायचं का तुम्हाला."