गार खोलीतला पत्र्याचा कूलर

घरघर ऐकून दचकू नका. बोलायला लागलो की माझा आवाज असाच निघतो. मी एक पत्र्याचा कूलर. भोपाळच्या अशोका गार्डनमध्ये, एका लहानशा दुकानात पत्रा ठोकून मला घडवलं.

वऱ्हाडपांड्यांचं कुटुंब नागपूरहून सरकारी बदलीवर इथं आलं, त्याच उन्हाळ्यात मी बाग सेवनियातल्या एका इमारतीत, त्यांच्या घरी आलो. प्रमिलाताईंनी माझ्या पत्र्यावर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "नागपूरच्या माणसाला हा नसला तर झोप नाही." रोज सकाळी त्या पाईप लावून माझी टाकी भरत. वाळ्याच्या ताट्या भिजल्या की घरभर वास पसरे आणि त्यांचा लहानगा कौस्तुभ माझ्यासमोर तोंड धरून "आऽऽ" करत बसे, आवाज थरथरतो म्हणून.

तेव्हा मला एप्रिलच्या मध्यावर बाहेर काढत. मग ते मार्चवर आलं. रात्रीसुद्धा भिंती निवेनात. जूनमध्ये हवा दमट झाली की माझा वारा नुसता चिकचिक करी. कोरड्या उन्हात माझा जीव, दमटपणापुढं माझं काही चालत नाही. पण घरातले म्हणू लागले, "याच्यात आता दम नाही राहिला." वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

नोकरीला लागल्यावर कौस्तुभनं एसी घेतला. इमारतीत सगळ्यांनीच घेतले. प्रत्येक एसी आपली खोली गार करून गरम वाफारा शेजाऱ्याच्या खिडकीशी सोडू लागला. गाड्या लावायला जागा हवी म्हणून खालचा कडुनिंब गेला. मला चौथ्या, सगळ्यात वरच्या मजल्याच्या जिन्यात ठेवलं, काशिनाथ पाटणकरांच्या दाराशी. कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे गृहस्थ. जाता-येता माझ्यावर पिशवी टेकवून दम खात, आणि उठताना मला थोपटत.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. भर दुपारी ट्रान्सफॉर्मर जळाला. सगळे एसी एकदम बंद. वरच्या मजल्यावर तर तापलेलं छत थेट डोक्यावर. तासाभरानं प्रमिलाताई जिना चढून आल्या. "काशिनाथभाऊ, आमच्याकडं चला खाली," म्हणत त्यांनी कडी वाजवली. पुन्हा वाजवली. दार लोटलं तर काशिनाथभाऊ जमिनीवर. अंग कोरडं, चटका बसावा इतकं तापलेलं, आणि बोलणं असंबद्ध. "शिफ्ट सुटली का?" असं विचारत होते.

ताईंनी कौस्तुभला हाक मारली. तो धावत आला, ॲम्ब्युलन्सला फोन लावला. "आई, ट्रॅफिक आहे बोलताहेत. बीस मिनट तरी लागतील."

"तोवर यांना गार करायला हवं. तो कूलर आत घे."

"आई, तो तीन साल से बंद आहे."

"तू घे तर."

मला ओढत आत नेलं. काशिनाथभाऊंच्या घरातल्या इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, पण माझ्यापुरती वीज त्यात होती. कळ दाबली, मी नुसता गुरगुरलो. कौस्तुभनं पातं हातानं फिरवलं आणि मी सुटलो. पंप मात्र चालेना. मग ताई एका हातानं माझ्या ताट्यांवर तांब्यानं पाणी ओतत राहिल्या, दुसऱ्या हातानं काशिनाथभाऊंच्या अंगावर ओले पंचे टाकत राहिल्या. मी इतक्या जिवानं कधी फिरलो नव्हतो. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा ते ताईंकडं पाहून म्हणाले, "प्रमिलावहिनी, तुम्ही का भिजलात?"

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, त्या वीस मिनिटांमुळं माणूस वाचला.

ताई गप्प बसल्या नाहीत. रविवारी सगळ्यांना गच्चीवर नेलं आणि अनवाणी उभं राहायला सांगितलं. दोन पावलांत सगळे सावलीला पळाले. पुढच्याच आठवड्यात कौस्तुभनं चार जणांना घेऊन गच्चीला पांढरा चुना फासला. वरच्या मजल्यावरच्या भिंतींना हात लावला तरी फरक कळू लागला. खाली दोन गाड्यांची जागा मोकळी करून करंजाचं झाड लावलं. ती जागा मिळवायला तीन बैठका आणि एक अबोला लागला. आणि तळमजल्यावरची सोसायटीची बैठकीची खोली दुपारी सगळ्यांसाठी उघडी राहू लागली. वाळ्याचे पडदे, पाण्याचा माठ, आणि दुरुस्त होऊन आलेला मी.

आता तिथं वॉचमन टेकतो, घरकाम करणाऱ्या बाया डबा खातात, म्हातारी मंडळी पत्ते खेळतात. तेवढा वेळ वरचे आठ-दहा एसी बंद असतात. माझी टाकी काशिनाथभाऊ भरतात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

माझा तळ गंजलाय. यंदा दोनदा ठिगळ लागलं. अजून एखादा उन्हाळा निघेल, फार तर दोन. माझ्यामागं दुसरा कूलर आणा, नवा असो की जुना, माझी हरकत नाही. फक्त त्या खोलीला कुलूप लावू नका.