आमच्या घरातली दुखणी

दुखण्याला मोठं नाव द्यायचं नाही, असा आमच्या घरात बाबांचा दंडक. मोठं नाव दिलं की दुखणं शेफारतं म्हणे! सुतारकामात करवतीनं अर्धा अंगठा गेला, तेव्हा ते नुसतं ‘खरचटलं’ होतं. न्यूमोनिया झाला, ती ‘कणकण’ होती. आई आणि मी तेच शब्द वापरायचो आणि मनातल्या मनात त्यांना दहानं गुणायचो.

त्या दुपारी बाबा शिडीवरून पडले. पोटाची डावी बाजू धरून म्हणाले, “दुखतंय गं.” हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलाच नव्हता.

दवाखान्यात मात्र गडी एकदम ताठ बसला.

“काय होतंय काका?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“काही नाही हो, मुका मार आहे. ही पोरगी उगाच बाऊ करते.”

बाहेर रांग लागली होती. बाई गोळ्या लिहू लागल्या. “आराम केला की वाटेल बरं,” म्हणत आईनंही मान डोलावली. मला आई-बाबा दोघांचा असा संताप आला!

“डॉक्टर, त्यांचा हात बघा,” मी म्हणाले. “याला ते खरचटलं म्हणतात. आणि आज घरी दुखतंय म्हणाले. आमच्याकडे त्यापुढे शब्दच नाही.”

बाईंनी अर्धा अंगठा पाहिला आणि पेन खाली ठेवलं. बाबांना आडवं करून पोट दाबलं. बाबांच्या कपाळावर घाम फुटला.

“डावा खांदा दुखतोय?”

“जरासा.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“दहानं गुणा,” मी म्हणाले.

डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फाटली होती, पोटात रक्त साचत होतं. त्यांना तसंच ऑपरेशनला नेलं. बाहेर बाकावर आईचं एकच पालुपद चाललं होतं, “किरकोळ असतं हे.” मी दातओठ खात ऐकत होते.

शेवटी सर्जन बाहेर आले. “वाचले. बरंच रक्त गेलं होतं.”

“म्हणजे तसं किरकोळच ना?” आईनं विचारलं.

“नाही आई. मरत होते ते,” मी म्हणाले.

आई बाकावरून उतरून जमिनीवरच बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. “मेले असते गं,” ती म्हणाली. “मी मान डोलावत बसले होते, आणि ते मेले असते.”