बॅटरीवरची ती दुपार

मी प्रशिक्षण केंद्रातला जुना संगणक बोलतोय. जरा अडखळत बोललो तर सांभाळून घ्या, वय झालंय.

शहरातल्या एका कचेरीने मला मोडीत काढलं आणि मी या गावात आलो. एका रिकाम्या गोदामात केंद्र थाटलं होतं. गावातली तरुण मुलंमुली इथे सकाळी रक्तदाब मोजायला, जखम बांधायला शिकत आणि दुपारी आम्हा संगणकांपुढे बसत. त्यांत शिंप्याची धाकटी लेक होती. सगळे तिला ठिणगी म्हणत. "तिथे जाऊन काय दिवे लावणार आहेस?" असं तिचे वडील रोज विचारत, तरी ती यायचीच.

एका दुपारी तिची वहिनी डोकं धरून दारात आली. तिला आठवा महिना होता. ठिणगीने तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला आणि आकडा पाहिला. थोडा वेळ बसवून तिने पुन्हा मोजलं. आकडा उतरला नव्हता.

"वहिनी, डोळ्यांपुढे काजवे चमकतात का?"

"सकाळपासून. सासूबाई म्हणाल्या, ऊन बाधलं असेल."

तेवढ्यात शिंपी सुनेला न्यायला आले. गळ्यातली टेप तशीच होती. "घरी चला. पडलं की बरं वाटेल."

"आबा, दोन मिनिटं थांबा," म्हणत ठिणगीने माझ्यावरून मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना व्हिडिओ कॉल लावला. तेवढ्यात वीज गेली. टेबलाखालची बॅटरी कुंई कुंई करू लागली. आम्ही सगळेच तिच्यावर चालत होतो.

"बाकीचे संगणक बंद करा," ठिणगी म्हणाली. मुलांनी अर्धवट काम सोडून भराभर बटणं दाबली. मी एकटाच चालू राहिलो.

अखेर डॉक्टरीणबाई दिसल्या. ठिणगीने आकडे सांगितले, पायांची सूज सांगितली.

"सासरे आहेत ना तिथे? काका, हे उन्हाचं नाही. तिला झटके येऊ शकतात. दोघांच्याही जिवावर बेतेल. लगेच निघा, मी इथे तयारी—"

माझा पडदा काळा झाला.

शिंप्याने लेकीकडे पाहिलं. "तुला काय वाटतं?"

"निघायला हवं, आबा."

ते गाडी आणायला धावले.

त्या संध्याकाळी खोलीला कुलूप लागलं. मला बाहेरचं काही कळेना. नको नको ते मनात येई. दुसऱ्या दिवशी मुलं आली, पण ठिणगीची खुर्ची रिकामीच होती.

मग एका सकाळी शिंपी स्वतः आले. "नात झाली," ते मुलांना म्हणाले. "मूठभर आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय. सूनबाई शुद्धीवर आहे." दाराशी ते थोडे घुटमळले. "बाळ जरा मोठं झालं की सूनबाईलाही इथे पाठवीन म्हणतो. घ्याल ना?"

आता ठिणगी परिचारिकेचं शिक्षण घेतेय आणि माझ्यापुढे तिची वहिनी बसते. अजून एका बोटाने अक्षरं शोधते. मी फार दिवस टिकेन असं वाटत नाही. मला खुशाल भंगारात द्या. फक्त तिचं शिकणं मध्येच थांबवू नका.